खर्ड्याच्या गुरुजींची गिटार

आमच्या आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गिटार वाजवता येत नाही. त्यांच्याकडे गिटार दाखवायला येणाऱ्यांना हे कळलं की ते जरा गोंधळायचे. आत एखादा मुरलेला वादक बसलेला असेल असं समजून ते आलेले असायचे. आण्णा श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. जळालेल्या मोटारी भरणं, पॅनेल सांभाळणं हे त्यांचं काम. एकदा काष्टीच्या बाजारात भंगाराच्या ढिगात त्यांना एक मोडकी इलेक्ट्रिक गिटार दिसली. कुठल्या तरी बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रातली असावी. तारांखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी बघून ते तिला घरी घेऊन आले. "ही बी एक मोटारच हाय," असं आईला म्हणाले आणि कॉलनीतल्या ओट्यावर ती उघडून बसले.

तिथून ते वेड वाढत गेलं. निवृत्तीनंतर नगरला सावेडीत घर घेतलं तेव्हा पुढची खोली गिटारींनीच भरली. कुणी जुनी गिटार आणली की आण्णा ती मांडीवर आडवी घ्यायचे, स्क्रू काढायचे, पोटातल्या वायरी बघायचे आणि सांगायचे, ही कलकत्त्याची, ही चिनी, हिची मान एकीची आणि बॉडी दुसरीची. बँजो पार्टीवाले, चर्चमधले वादक, कॉलेजातली मुलं, सगळे सेकंडहँड गिटार घेण्याआधी त्यांना फोटो पाठवायचे. हौसेनं बदल करून मागणारेही होते. मग आण्णा जुने भाग काढून नवे बसवायचे आणि काढलेले भाग पत्र्याच्या डब्यात ठेवायचे.

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. सासर दोन गल्ल्या पलीकडे. संध्याकाळी घरी जाताना आण्णांकडे थांबायचं आणि वायरींना बारीक डाग देण्याची, म्हणजे सोल्डरिंगची, कामं करून द्यायची, असा माझा नेम होता. काम मला आवडायचं. पण त्या खोलीची मला लाज वाटायची, हेही खरं. माझा दीर तिला 'भंगारखाना' म्हणायचा आणि सगळ्यांबरोबर मीही हसायचे. त्याहून जास्त लाज वाटायची ती आण्णांच्या निकाल देण्याच्या सवयीची. कुणी विचारलेलं नसलं तरी ते सांगायचे. माझ्या नणंदेच्या लग्नात ऑर्केस्ट्रा होता. आण्णा जेवणाचं ताट हातात घेऊन सरळ स्टेजपाशी गेले आणि गिटारवाल्याला, पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाले की तुमची ही अमेरिकन गिटार नकली आहे. त्या माणसाचं तोंड उतरलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मंडपाच्या मागे जाऊन पाण्याच्या पिंपाजवळ उगाच उभी राहिले. आण्णांचं म्हणणं बरोबर होतं, पण त्यानं मला काही बरं वाटलं नाही.

गेल्या दोनेक वर्षांत आण्णा वस्तू नाकाजवळ धरायला लागले होते. मोतीबिंदू होता. दवाखान्याचं नाव काढलं की ते म्हणायचे, पिकू दे जरा. गिऱ्हाइकासमोर ते कळू द्यायचे नाहीत. बोटानं चाचपून, सवयीनं, ते पूर्वीसारखंच ठासून बोलायचे. मला दिसत होतं. मीही विषय वाढवत नव्हते.

खर्ड्याचे गुरुजी आले ते उन्हाळ्याच्या सुट्टीत. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, पायांत चामडी चपला, आणि गिटार चादरीत गुंडाळून छातीशी धरलेली. दारातूनच, ख्रिस्ती घरांतल्या रीतीनं, "सलाम" म्हणाले. रविवारी त्यांच्या चर्चमध्ये ते वाजवत. तक्रार साधी होती. ट्यूबलाइट लावली की गिटार घूं करायची, आणि प्रार्थनेच्या वेळी सगळे शांत झाले की तोच आवाज भरून राहायचा. दुसरी एक इच्छा होती. गिटारला कुणी तरी काळा ऑइलपेंट जाड थापला होता, तो काढून खालचं लाकूड दिसू द्यावं.

चादर उघडता उघडता त्यांनी सांगितलं की गिटार त्यांच्या थोरल्या भावाची. भाऊ मुंबईला गोदीत कामाला होता, तिथं त्यानं ती एका जहाजावरच्या माणसाकडून घेतली होती. आता भाऊ राहिला नाही. वहिनींनी गिटार गुरुजींना दिली. "दादा म्हणायचा, जपानची आहे," गुरुजी म्हणाले. ते म्हणताना त्यांनी आण्णांकडे जरा आशेनं बघितलं.

आण्णांनी गिटार मांडीवर घेतली. डोक्यावरचं कंपनीचं नाव कधीच खरवडलेलं होतं. मागची पट्टी उघडली तर आवाज कमी-जास्त करायचे नॉब आपल्याच बाजारातले, वायरीही नव्या. मान बॉडीला चार स्क्रूंनी बसवलेली असते. ती सुटी केली की तिच्या बुडाशी बऱ्याचदा शिक्का सापडतो, म्हणून आण्णा मान काढल्याशिवाय कधी बोलत नसत. त्या दिवशी एका स्क्रूचं डोकं झिजलेलं होतं. पेचकस दोनदा घसरला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि हसले.

"गुरुजी, ज्याची त्याची गिटार जपानचीच असती," ते म्हणाले. "ही हितंच जुळवलेली हाय. बॉडी बिनधास्त कापू."

गुरुजीही हसले, पण जरा उशिरा. "दादा थोडं वाढवूनच सांगायचा," ते म्हणाले. मी बाजूला पिवळ्या दिव्याखाली दुसऱ्या कामाला बसले होते. आण्णांच्या निकालाबद्दल मला काही शंका आली असं नाही. एका गेलेल्या माणसाच्या बोलण्यावर आपल्या घरात हसणं झालं, एवढंच मला टोचलं. मी मान वर केली नाही.

घूं आवाज घालवायचा तर तारांखालचा पिकअप, म्हणजे ती चुंबकाची गुंडाळी, बदलावा लागतो. एका गुंडाळीच्या जागी उलटसुलट गुंडाळलेल्या दोन असल्या की तो घूं आवाज एकमेकींत मरतो. पण तो दुहेरी पिकअप रुंद असतो. म्हणून आण्णांनी लाकूड कोरायचं राउटर मशीन लावून बॉडीतला खड्डा वाढवला, कोपरे पटाशीनं काढले. मग काळा रंग खरवडला. खाली आणखी एक रंग निघाला, मधोमध पिवळा आणि कडांकडे गडद तपकिरी होत गेलेला. आण्णांनी मला विचारलं, कसा हाय गं रंग. मी सांगितला. असा रंग आपल्याकडचे पेंटरबी मारतात, असं म्हणून त्यांनी पॉलिश पेपरनं तोही काढून टाकला. गुरुजी गिटार न्यायला आले तेव्हा ती नुसत्या लाकडाच्या रंगात, वॉर्निश लावून तयार होती. ट्यूबलाइटखाली वाजवून बघितली. घूं नाही. गुरुजी खूश होऊन गेले.

दिवाळीनंतर एका मुलाच्या गिटारसाठी मला जुना पिकअप हवा होता. पत्र्याच्या डब्यात हात घातला तर गुरुजींच्या गिटारचा निघाला. त्याच्या बुडाला मेण आणि धूळ बसून काळा थर झाला होता. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला, आणि खाली शाईचा शिक्का दिसला. काही आकडे आणि दोन-तीन जपानी अक्षरं.

पुण्याला जुन्या गिटारींचा व्यवहार करणारे एक ओळखीचे गृहस्थ आहेत. त्यांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. पिकअप जपानचाच, जुना, आणि तो ज्या गिटारींत यायचा त्या आता सहसा सापडत नाहीत, असं त्यांनी भरभरून सांगितलं. मग म्हणाले, "बॉडी कुठे आहे? मूळ रंग असेल तर त्याला कुणाला हात लावू देऊ नका." मी म्हटलं, गिऱ्हाइकाकडे आहे, विचारून सांगते. आणि फोन ठेवला.

आण्णांना सांगू नये असं मला आधी वाटलं. पण ते समोरच बसलेले होते आणि फोनवरचं माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी पिकअप मागितला. नाकाजवळ धरला, उजेडाकडे फिरवला, बोट फिरवलं आणि माझ्याकडे परत दिला. "वाच," म्हणाले. मी आकडे वाचले. पुण्याहून काय सांगितलं तेही सांगितलं. बॉडीबद्दल ते काही बोलतील असं मला वाटलं होतं, कारण ती त्यांनीच कापली होती. ते म्हणाले, "गुरुजींचा भाऊ खरं बोलत हुता."

मग म्हणाले, जावं लागंल.

मी पुष्कळ विरोध केला. गुरुजी खूश आहेत, गिटार चांगली वाजतेय, त्यांना कधी कळणारही नाही. सांगायचंच असेल तर फोन करू. खरं कारण मी बोलले नाही. आपल्या वडिलांना परक्याच्या घरी जाऊन मान खाली घालताना बघणं मला नको होतं.

"त्येंना न्हाई कळणार," आण्णा म्हणाले. "पर मेलेल्या माणसाला मी खोटं पाडलंय. ते फोनवर कसं सांगू?"

रजा टाकून मी त्यांच्याबरोबर गेले. नगरहून जामखेड, तिथून दुसऱ्या गाडीनं खर्डा. आण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पिकअप रुमालात बांधून वरच्या खिशात ठेवला होता. गाडीतून उतरताना पायरी चुकली, तेव्हा मी दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

गुरुजींना आम्हाला बघून इतका आनंद झाला की आम्हाला तोंड उघडायला जागाच मिळाली नाही. त्यांनी बायकोला चहा ठेवायला सांगितलं, कॉटवरची गिटार घेतली, छोटा स्पीकर लावला आणि मुद्दाम ट्यूबलाइट लावून एक भजन वाजवलं. मधे थांबून म्हणाले, ऐका, काही आवाज आहे का? आण्णा खुर्चीच्या कडेला बसून जमिनीकडे बघत होते. नाही म्हणून त्यांनी मान हलवली. मला वाटत होतं की भजन कधी संपूच नये, आणि त्याच वेळी वाटत होतं की लवकर संपावं म्हणजे परतीची गाडी मिळेल.

भजन संपल्यावर आण्णांनी रुमाल सोडून पिकअप स्टुलावर ठेवला. सगळं सरळ सांगितलं. तुमची गिटार जपानचीच हुती. मी मान काढून बघितली न्हाई. बघितली असती तर कापली नसती, काळ्याखालचा मूळ रंग काढला नसता. चूक माझी हाय.

गुरुजींनी पिकअप हातात घेतला, आतल्या खोलीकडे बघून बायकोला हाक मारली. "अगं, दादा खरं सांगत होता." त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग गुरुजींनी गिटारच्या पोटातल्या त्या वाढवलेल्या खड्ड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. "आणि तो खालचा रंग, तो परत नाही ना येत?"

"न्हाई."

"येत नाही," गुरुजींनी स्वतःशीच म्हटलं. शिकवताना मुलांकडून म्हणवून घ्यावं तसं.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. पावसाळ्यात भावाच्या स्मरणाची प्रार्थना जामखेडला वहिनींच्या घरी झाली होती. सगळे नातेवाईक जमले होते. जेवताना गुरुजींनी गंमत म्हणून सांगितलं की दादाचं जपान नगरच्या एका जाणकारानं उघडं पाडलं. सगळे पोट धरून हसले. वहिनी वाढत होत्या, त्या भांडं घेऊन आत गेल्या.

"तुम्ही यायला नको होतं," गुरुजी म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आता मला वहिनींकडे जावं लागेल."

"मी येतो संगं," आण्णा म्हणाले.

मी त्यांच्याकडे डोळे मोठे करून बघितलं. त्यांना ते दिसणं शक्यच नव्हतं.

गिटार पुन्हा चादरीत गुंडाळून, पिकअप बरोबर घेऊन आम्ही तिघं जामखेडला आलो. वहिनींचं घर स्टँडच्या मागच्या बाजूला. मुंबईत नर्स म्हणून नोकरी करून निवृत्तीनंतर त्या इकडे येऊन राहिलेल्या. उंच, ताठ बाई. मेथी निवडत बसल्या होत्या, आम्हाला बघून त्यांनी सूप बाजूला सारलं. गुरुजींना सुरुवातच करता येईना. तब्येतीची, पाण्याची चौकशी करत राहिले. शेवटी आण्णाच बोलले. आपण कोण, आपण काय सांगितलं होतं आणि ते कसं चुकलं.

वहिनींनी ऐकून घेतलं. "तो जपानी खलाशी आमच्या खोलीवर आला होता," त्या म्हणाल्या. "मी त्याला जेवू घातलं होतं. भाकरी कशी खायची ते यांच्या भावानं त्याला दाखवलं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत, वहिनी?" गुरुजींनी विचारलं.

"सगळे हसत होते. तुम्हीसुद्धा." मग त्या आण्णांकडे वळल्या. "आणि मला वाटलं, एवढा जाणकार माणूस म्हणतोय तर माझंच काही चुकत असेल. तो खलाशी जपानचा होता की आणखी कुठला, मला तरी काय ठाऊक. आमच्या ह्यांनी मलाही बनवलं असेल, असं मी म्हटलं. तेव्हापासून ते मनात होतं."

बाईंनी आयुष्य ज्याच्याबरोबर काढलं त्या माणसाबद्दल, तो गेल्यावर, त्यांच्या मनात शंका आली होती, आणि ती आमच्या पुढच्या खोलीतून, एका घसरलेल्या पेचकसावरून आली होती. आण्णांनी हात जोडले. वहिनींनी माफ केलं असंही म्हटलं नाही, राहू द्या असंही नाही. उठून पाणी आणलं.

आण्णांनी पेल्यासाठी हात पुढे केला तो पेल्याच्या बराच बाजूला गेला. वहिनी बघत राहिल्या. पेला त्यांच्या हातात दिला, चेहऱ्याजवळ वाकून डोळ्यांत बघितलं. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे तुम्हाला," म्हणाल्या. "चांगलाच वाढलाय." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही मुलगी ना यांची? यांना दिसत नाही, हे तुम्हाला दिसत नव्हतं का?"

गिऱ्हाइकासमोर त्यांचा मान राहावा म्हणून गप्प राहिले, असं सांगता आलं असतं. पण ते मला स्वतःलाच पटलं नसतं. रंग कसा आहे असं त्यांनी मला विचारलं तेव्हा ते का विचारतायत हे मला माहीत होतं. आंधळा होत चाललेला बाप आणि त्याची ती खोली, दोन्हींपासून मी थोडं लांब राहून दिवस काढत होते.

निघताना वहिनींनी तो पिकअप ठेवून घेऊ का, असं विचारलं. गुरुजींनी होकारार्थी मान डोलावली. वहिनींनी तो पदरानं पुसला आणि आत नेला. कुठे ठेवला ते आम्हाला दिसलं नाही. गुरुजी आम्हाला स्टँडपर्यंत सोडायला आले नाहीत. ते वहिनींपाशीच बसून राहिले.

नाताळ यायच्या आत मी आण्णांचं एका डोळ्याचं ऑपरेशन करवून घेतलं, नंतर दुसऱ्याचं. कामं ते अजूनही करतात, पण निकाल देणं त्यांनी सोडलंय. मान काढतात, पिकअपचं बूड पुसतात, जे दिसतं तेवढं सांगतात आणि पुढं म्हणतात, बाकी मला ठावं न्हाई. लोकांना ते आवडत नाही. परवा एक जण चिडून म्हणाला, एवढ्या लांबून आलो, खरी की खोटी तेवढं तरी सांगा. आण्णांनी त्याला चहा पाजला आणि गिटार बांधून परत दिली.

गुरुजी नंतर स्वतः आमच्याकडे आले नाहीत. तारा बदलायच्या झाल्या की जामखेडच्या गाडीनं कुणाबरोबर तरी गिटार पाठवतात आणि फोन करतात. फोनवर नीट बोलतात, पण कामापुरतं. तशी ती मागच्या महिन्यात आली. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर आण्णा ती पहिल्यांदाच बघत होते. चादर सोडून त्यांनी ती खिडकीपाशी नेली. आपण वाढवलेल्या खड्ड्याची कड एका बाजूला वाकडी गेली होती, कोपऱ्याशी पटाशीचे ओरखडे होते, वॉर्निशखाली पॉलिश पेपरच्या आडव्या रेघा दिसत होत्या.

"असंच दिलं हुतं व्हय आपुन हे?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

त्यांनी तारा काढल्या, पिकअप सोडवला, बारीक कानस घेतली आणि ती कड सरळ करायला बसले. मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढलं आणि लाकडाचा भुसा पुसून काढत राहिले.